प्राचीन वास्तूंवरील माहितीपट : 'हे कसे बांधले?' याचे उत्तर कोण देते आणि कोण टाळते?

उत्खनक (धागालेखक)

नमस्कार मंडळी,

पिरॅमिड, स्टोनहेंज, माया नगरे, पार्थेनॉन अशा वास्तूंवरील माहितीपट मी गेली अनेक वर्षे नियमाने पाहत आलो आहे. सुरुवातीला हाती लागेल ते पाहत असे. पुढे उत्खननांचे अहवाल वाचू लागल्यावर तेच माहितीपट दुसऱ्यांदा पाहताना वेगळे दिसू लागले. काय दाखवले आहे यापेक्षा काय गाळले आहे याकडे लक्ष जाऊ लागले. त्यातून बनलेले मत आपल्यापुढे ठेवतो. आपले अनुभवही वाचायला आवडतील.

माझे म्हणणे असे, की एखादी वास्तू 'गूढ' असल्याचे जो माहितीपट शेवटपर्यंत सांगत राहतो, तो बहुतेक वेळा ती बांधणाऱ्या माणसांचे श्रेय हिरावून घेत असतो. गिझाच्या मोठ्या पिरॅमिडचेच पाहा. इ.स.पू. २६ व्या शतकातील खुफू राजाचे हे थडगे, मूळची उंची सुमारे १४६ मीटर, अंदाजे २३ लाख दगड. हे आकडे गंभीर आवाजात सांगायचे, कॅमेरा आकाशातून हळूहळू खाली आणायचा आणि 'हे माणसाच्या हातून शक्य होते का?' असे विचारून मध्यांतर घ्यायचे, हा आता ठरलेला साचा झाला आहे.

पण या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आपल्याकडे आहे. २०१३ साली तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर वादी अल-जर्फ येथे फ्रेंच पुरातत्त्वज्ञ पिएर ताले यांच्या चमूला पपायरसचे, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाचे तुकडे सापडले. लेखन असलेल्या ज्ञात पपायरसांमध्ये ते सर्वांत जुने असून खुफूच्या कारकिर्दीच्या अखेरच्या वर्षांतील आहेत. त्यांत मेरेर नावाच्या एका मुकादमाची रोजनिशी आहे. नाईलच्या पलीकडच्या तुरा येथील खाणींतून पांढरा चुनखडक नावेत भरायचा, नदी आणि कालव्यांतून गिझाला पोहोचवायचा आणि दुसऱ्या खेपेसाठी परत निघायचे, हे त्याच्या पथकाचे काम होते. या व्यवस्थेत खुफूचा सावत्र भाऊ अंखहाफ याची देखरेख असल्याचेही त्यात नोंदलेले आहे. पिरॅमिड उभा राहत असताना त्या कामावरच्याच माणसाने लिहिलेला हिशेब आपल्या हाती असताना, कित्येक माहितीपट त्याचा उल्लेखही न करता ताऱ्यांकडे वळतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

याउलट उदाहरण १९९२ च्या 'धिस ओल्ड पिरॅमिड' या अमेरिकन माहितीपटाचे. पुरातत्त्वज्ञ मार्क लेनर आणि पाथरवट रॉजर हॉपकिन्स यांनी गिझाजवळच सुमारे सहा मीटर उंचीचा छोटा पिरॅमिड बांधून पाहिला. लेनर यांनी एक मांडणी करावी, हॉपकिन्स यांनी 'असे होणार नाही' म्हणावे आणि दगड कोणाचे ऐकतो ते आपण पाहावे, असा तो प्रकार आहे. दीड-दोन टनांचा दगड लाकडी घसरगाड्यावर ठेवून ओल्या मातीच्या वाटेवरून दहा-वीस माणसे ओढतात, तेव्हा २३ लाख या आकड्याचा धाक कमी होतो आणि त्यामागच्या नियोजनाबद्दलचा आदर वाढतो. बरेचसे दगड हलवायला त्यांनी आधुनिक यंत्र वापरले आणि मजुरांच्या हातांत लोखंडी हत्यारे होती, जी खुफूच्या काळी नव्हती; पण हे त्यांनी लपवले नाही. मला तोच त्या माहितीपटाचा मोठा गुण वाटतो.

आपण माहितीपटाची पारख कशी करता?

टाकीचे घाव

धागा आवडला. माझे हात दगडावर चालतात, तीन पिढ्यांचा तोच व्यवसाय आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

मी माहितीपट पाहतो तो दगडावरच्या खुणांसाठी. हत्यार प्रत्येक वेळी आपली सही मागे ठेवते. टोकदार छिन्नीची रेघ वेगळी, पाचर ठोकून फोडलेल्या दगडाची कड वेगळी आणि गोट्याने ठेचून काढलेला पृष्ठभाग अगदीच वेगळा. इजिप्तमधील अस्वानच्या खाणीत अर्धवट सोडलेला ओबेलिस्क, म्हणजे एकसंध दगडाचा उंच स्तंभ आहे, सुमारे ४२ मीटर लांबीचा. पूर्ण झाला असता तर त्याचे वजन हजार टनांच्या वर गेले असते. त्याच्या भोवती खोदलेल्या चरात उतरून एखाद्या कॅमेऱ्याने भिंतीवर तिरपा उजेड टाकला, तर शेजारीशेजारी ओळीने बसलेले उथळ, पसरट खळगे दिसतात. छिन्नीची रेघ कुठे नसते. डोलेराइट या ग्रॅनाइटपेक्षाही चिवट दगडाचे गोटे हातात धरून, त्या चरात एकामागे एक बसलेल्या माणसांनी तो ग्रॅनाइट ठेचून भुकटी करत खाली नेला. खोली किती गेली हे मोजण्यासाठी मुकादमांनी मारलेल्या तांबड्या रेघाही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेथे नोंदल्या गेल्या. आणि मग दगडाला तडा गेला. एवढे काम तसेच टाकून लोक निघून गेले.

हे दृश्य मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला रात्री झोप लागली नाही. तडा गेलेला दगड सोडून देणे म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. दगडाची नस आधी ओळखता आली नाही तर महिन्याचे काम एका ठोक्यात जाते; तेथे किती महिन्यांचे गेले असेल! अनेक माहितीपट या ओबेलिस्कवरून कॅमेरा फिरवतात, वजन सांगतात आणि 'क्रेनशिवाय हे कसे?' म्हणतात. तडा दाखवतच नाहीत. सगळे सुरळीत पार पडलेल्या वास्तूपेक्षा बिघडलेल्या कामात कारागीर जास्त दिसतो, म्हणून अपुरी आणि फसलेली कामे दाखवणाऱ्या माहितीपटावर माझा विश्वास बसतो. अजिंठ्याचे २४ क्रमांकाचे लेणे अपुरे राहिले आहे, म्हणूनच लेणे कोणत्या क्रमाने आत कोरत नेत हे तेथे उभे राहून वाचता येते.

पेरूमधील इंका भिंतींचेही असेच. सांध्यात सुरीचे पाते जात नाही हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. १९८० च्या दशकात वास्तुविशारद जाँ-पिएर प्रोत्सेन यांनी तेथलेच गोटे घेऊन दगड ठेचून घडवून पाहिला. मोठ्या गोट्याने आकार काढायचा, कडांना लहान गोटा घ्यायचा. जुन्या दगडांवर तेच दिसते : मधोमध मोठे खळगे आणि कडांजवळ बारीक. प्रोत्सेन यांचा तो निष्कर्ष माझ्यासारख्या माणसाच्या हातांना पटायला एक क्षणही लागला नाही.

कुतूहल

उत्खनक यांच्याशी अंशतः असहमत. मी या विषयाकडे वळलो तो परग्रहवासीयांच्या माहितीपटांमुळेच. १९७० साली एरिक फॉन डॅनिकेन यांच्या पुस्तकावर जो जर्मन माहितीपट निघाला, त्याला ऑस्करचे नामांकनही मिळाले होते. तो चुकीचा होता हे मला नंतर समजले, परंतु गिझा आणि (पेरूमधील जमिनीवरच्या प्रचंड रेखाकृतींचे) नाझका ही नावे मला त्यानेच शिकवली. गूढतेचे आकर्षण नसते तर मी आज हा धागाही वाचत नसतो. सामान्य प्रेक्षकाला पहिल्याच भेटीत डोलेराइटचे गोटे दाखवले, तर तो पुढे पाहील का?

शिळालेख

कुतूहल, आपला अनुभव प्रामाणिक आहे आणि तो अनेकांचा असणार. तरीही या आकर्षणाची किंमत कोणी मोजली हे पाहायला हवे, म्हणून ग्रेट झिम्बाब्वेचे उदाहरण देतो.

आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातील हे दगडी नगर साधारण ११ व्या ते १५ व्या शतकांत उभे राहिले. चुना-मातीचा लेप न वापरता रचलेल्या त्याच्या भिंती काही ठिकाणी अकरा मीटरांपर्यंत उंच आहेत. १८७१ मध्ये कार्ल माउख हा जर्मन प्रवासी तेथे पोहोचला. दारावरच्या लाकडी तुळईचा एक कपचा त्याने काढला, तो आपल्या पेन्सिलीच्या लाकडाशी ताडून पाहिला, रंग आणि वास जुळतो असे वाटल्यावर ते लेबनॉनचे सीडर ठरवले आणि त्यावरून हे बायबलमधील शीबाच्या राणीचे काम असल्याचा निष्कर्ष काढला. ते लाकूड आफ्रिकेतलेच होते. डेव्हिड रँडल-मॅकआयव्हर यांनी १९०५ मध्ये आणि गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनी १९२९ मध्ये हे स्थानिक आफ्रिकी लोकांचेच काम असल्याचे उत्खननांतून दाखवून दिले. इतके होऊनही तेथील गोऱ्या राजवटीला ते उत्तर नको होते. 'कोणी बांधले हे गूढ आहे' असे म्हणत राहणे तिच्या सोयीचे होते. पुरातत्त्वज्ञ पीटर गार्लेक यांना त्या दबावामुळे १९७० मध्ये देश सोडावा लागला. दहा वर्षांनी स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशाने त्या वास्तूचेच नाव धारण केले.

एका पेन्सिलीच्या वासावर उभारलेला तर्क शंभर वर्षे पुरला, मंडळी. म्हणून एखाद्या माहितीपटात 'बाहेरून आलेल्या कोणी ज्ञानी लोकांनी' हे शब्द आले, की मी ताठ बसतो. बाहेरून आलेले हे लोक नेहमी इजिप्त, मेक्सिको, पेरू, आफ्रिका येथेच का येतात, आणि ग्रीक मंदिराबद्दल तो प्रश्न क्वचितच का विचारला जातो? २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवरील 'एन्शंट अपॉकॅलिप्स' या मालिकेबद्दल 'सोसायटी फॉर अमेरिकन आर्किऑलॉजी' या संस्थेने खुले पत्र लिहिले आणि तिचे वर्गीकरण माहितीपटाऐवजी विज्ञानकथा असे करावे अशी मागणी केली, त्यामागेही इतर आक्षेपांसोबत हाच मुद्दा होता.

वेरूळच्या कैलास लेण्यावरही असे कार्यक्रम निघाले आहेत. राष्ट्रकूटांच्या इ.स. ८१२-१३ च्या बडोदे ताम्रपटात कृष्णराजाने करविलेल्या मंदिराचे वर्णन येते, ते बहुतेक अभ्यासक कैलासाचेच मानतात. ते काम पाहून देव थक्क झाले, आणि प्रत्यक्ष घडवणारा शिल्पीही 'हे माझ्या हातून कसे झाले?' असे म्हणाला, अशा आशयाचा तो मजकूर आहे. विस्मय त्यातही आहे, पण तो घडवणाऱ्या माणसाच्या तोंडी घातलेला आहे.

टाकीचे घाव

शेवटचे वाक्य वाचून डोळे भरून आले. एवढेच लिहितो.

पडदा

मी परदेशी माहितीपटांच्या मराठी निवेदनाचे काम काही वर्षे केले आहे, त्यामुळे पडद्यामागची बाजू मांडतो.

एका पिरॅमिडविषयक भागात संशोधक मूळ मुलाखतीत 'दगड वर नेण्याची उतरण कदाचित अशी असावी' असे म्हणत होते. मी 'असावी' लिहिले. तपासणीतून संहिता परत आली ती 'होती' अशी दुरुस्ती होऊन. मी पुन्हा 'असावी' केले, तेव्हा 'प्रेक्षकाला संदिग्ध वाक्ये आवडत नाहीत' असे उत्तर मिळाले आणि प्रसारण 'होती' असेच झाले. एका क्रियापदात एका विद्वानाचा अंदाज निर्विवाद सत्य झाला, आणि तो त्याच्याच तोंडी. त्या शब्दाची रुखरुख मला अजून आहे. तेव्हापासून मी माहितीपट पाहताना क्रियापदे ऐकतो. निवेदकाचे 'होते' आणि तज्ज्ञाचे 'असावे' यांत अंतर दिसले, की सावध व्हावे.

संगणकनिर्मित चित्रणाचाही धोका हाच आहे. बाहेरची सरळ उतरण, पिरॅमिडला वेढणारी नागमोडी उतरण, जाँ-पिएर उदाँ यांनी सुचवलेली आतल्या बाजूची उतरण या तिन्ही कल्पना पडद्यावर सारख्याच चकचकीत दिसतात. पैकी कोणत्या कल्पनेला जमिनीवर किती आधार आहे, हे चित्र सांगत नाही. २०१८ मध्ये इजिप्तमधील हातनुब येथील अलाबास्टरच्या खाणीत खुफूच्या काळातील एक तीव्र चढाची उतरण प्रत्यक्ष सापडली, दोन्ही बाजूंना पायऱ्या आणि खांब रोवण्याचे खड्डे असलेली. ती धुळीने माखलेली वाट चित्रणात मुळीच आकर्षक वाटत नाही, पण ती खरी आहे.

आता दुसरी गोष्ट, जी सहसा चर्चेत येत नाही. माहितीपट संशोधनाचे केवळ चित्रण करत नाही, कधी कधी संशोधनाला पैसा आणि वेळापत्रकही तोच देतो. इंग्लंडमधील सिल्बरी हिल ही इ.स.पू. २४०० च्या सुमारास माणसांनी रचलेली टेकडी. बीबीसीच्या पाठबळाने १९६८ ते १९७० दरम्यान रिचर्ड अ‍ॅटकिन्सन यांनी तिच्या पोटात बोगदा खणला आणि त्याचे प्रक्षेपण झाले. कोणाचे तरी दफन सापडेल अशी अपेक्षा होती. ते सापडले नाही. बोगदा नीट भरला गेला नाही. २००० साली १८ व्या शतकातल्या जुन्या उभ्या विवराची भर खचून माथ्यावर खड्डा पडला, तेव्हा टेकडीच्या आतल्या पोकळ्यांचा प्रश्न ऐरणीवर आला, आणि २००७-०८ मध्ये ते सगळे चुनखडीने भरून काढावे लागले. त्या कामात टेकडी कशी टप्प्याटप्प्याने वाढत गेली याची मोलाची माहिती मिळाली हेही सांगायला हवे.

ग्वाटेमालाच्या जंगलावर विमानातून लेझर किरण सोडून माया संस्कृतीची साठ हजारांहून अधिक बांधकामे नोंदली गेली, ती बातमी फेब्रुवारी २०१८ मध्ये एका वाहिनीच्या माहितीपटासोबत जाहीर झाली. 'सायन्स' नियतकालिकातील शोधनिबंध सप्टेंबरमध्ये आला. येथे शोध भक्कम होता, पण क्रम उलटा होता.

आणि उत्खनक, आपल्या धाग्यावर माझा एक आक्षेप आहे. प्रयोग करून दाखवणारा माहितीपट विश्वासार्ह, असे आपण सूचित करता. रापा नुई (ईस्टर) बेटावरील मोआई या प्रचंड दगडी पुतळ्यांचे काय? १९९८ मध्ये एका माहितीपटासाठी जो अ‍ॅन व्हॅन टिल्बर्ग यांनी पुतळ्याची प्रतिकृती लाकडी सांगाड्यावर आडवी टाकून ओढवली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात टेरी हंट आणि कार्ल लिपो यांनी ४.३५ टनांची प्रतिकृती उभी ठेवून, अठरा माणसांच्या हाती दोर देऊन, दोन्ही बाजूंना डोलवत शंभर मीटर चालवली. दोन्ही प्रयोग यशस्वी झाले. मग पुतळे कसे नेले?

उत्खनक

पडदा, आपला आक्षेप पूर्णपणे मान्य. प्रयोगाने 'असे होऊ शकते' एवढेच सिद्ध होते, 'असेच झाले' हे नव्हे, आणि मूळ धाग्यात मी हा भेद करायला हवा होता. हंट आणि लिपो यांची बाजू मला वजनदार वाटते ती प्रयोगामुळे नव्हे; वाटेत पडून राहिलेल्या पुतळ्यांचे तळ आणि झुकाव स्थापन केलेल्या पुतळ्यांहून वेगळे आहेत हे त्यांनी आधी मोजले होते, आणि पुतळे चालत आले असे बेटावरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत होते, म्हणून. प्रयोग, जमिनीवरची खूण आणि त्या लोकांची स्वतःची स्मृती या तिन्ही गोष्टी एकमेकींना धरून असल्या पाहिजेत.

इजिप्तमध्ये असे एक सुंदर उदाहरण आहे. देर अल-बर्शा येथील जेहुतिहोतेप या अधिकाऱ्याच्या थडग्यात एक प्रचंड पुतळा घसरगाड्यावरून ओढणाऱ्या १७२ माणसांचे चित्र आहे. पुतळ्याच्या पायांशी उभा असलेला एक माणूस गाड्यापुढे पाणी ओततो आहे. हा धार्मिक विधी असावा असे पूर्वी मानले जाई. २०१४ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅम विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत दाखवले, की वाळू योग्य प्रमाणात ओली असेल तर ती गाड्यापुढे ढीग करत नाही आणि ओढण्यास लागणारा जोर जवळजवळ निम्मा होतो. चित्रात जे होते ते कामगाराचे ज्ञान होते, आणि ते सर्वांसमोर भिंतीवर रंगवलेले होते.

कुतूहल, आपल्या प्रश्नाने मी विचारात पडलो. आकर्षण हवे हे मलाही मान्य आहे. माझे म्हणणे एवढेच, की ते खऱ्या गोष्टीत अधिक आहे.

कुतूहल

शिळालेख यांचे झिम्बाब्वेचे उदाहरण मला ठाऊक नव्हते. 'गूढ' हा शब्द इतका निरुपद्रवी नाही, हे पटले. परंतु एक विचारतो. सप्टेंबर २००२ मध्ये खुफूच्या पिरॅमिडमधील तथाकथित राणीच्या दालनातून वर जाणाऱ्या अरुंद मार्गात यंत्रमानव पाठवून, त्यातील दगडी 'दाराला' भोक पाडून आत काय आहे ते जगभर थेट दाखवले गेले. तो कार्यक्रम श्वास रोखून पाहिल्याचे आठवते. पलीकडे आणखी एक दगड निघाला. त्यानंतर काय झाले?

शिळालेख

त्यानंतरचा भाग फारच थोड्या लोकांपर्यंत पोहोचला, कारण तो थेट प्रक्षेपित झाला नाही. २०११ मध्ये 'जेदी' नावाचा दुसरा यंत्रमानव त्याच मार्गाने गेला. मार्ग जेमतेम वीस सेंटिमीटर रुंद-उंच आहे. या यंत्राला वळणारा कॅमेरा होता, त्यामुळे आधीच्या भोकातून आत जाऊन त्याने दोन्ही दगडांमधल्या पोकळीत आजूबाजूला पाहिले. पहिल्या दगडावरच्या तांब्याच्या दोन पिना मागच्या बाजूला वळवून नाजूक कड्यांसारख्या केलेल्या आढळल्या. जमिनीवर तांबड्या रंगात हाताने काढलेल्या काही खुणा होत्या, दगडकाम करणाऱ्या पथकांच्या खुणांशी साम्य असलेल्या. साडेचार हजार वर्षांत त्या कोणीही पाहिल्या नव्हत्या. २००२ च्या कार्यक्रमाने 'पुढे आणखी एक दार' म्हणून पडदा पाडला; खरी भेट त्या दारामागे नव्हती, अलीकडच्या जमिनीवर होती.

टाकीचे घाव

तांबडी खूण म्हणजे आमच्याकडे आजही जी असते तीच : हा दगड कोणाचा, किती मापाचा, कुठे बसायचा. उत्खनक, मेरेरच्या रोजनिशीत नेमके काय लिहिले आहे ते थोडे सांगाल का? त्यावर एखादा संथ माहितीपट निघाला तर मी तो दहा वेळा पाहीन.

उत्खनक

आनंदाने. सलग तीन दिवसांच्या नोंदींचा आशय देतो. २६ व्या दिवशी मेरेर आपल्या पथकासह दगड भरलेली नाव घेऊन दक्षिण तुऱ्याहून 'अखेत-खुफू'कडे निघतो. 'खुफूचे क्षितिज' हे त्या पिरॅमिडचे त्या काळचे नाव. रात्रीचा मुक्काम 'शे-खुफू', म्हणजे खुफूच्या जलाशयापाशी. २७ व्या दिवशी तेथून निघून दगडांसह अखेत-खुफूला पोहोच आणि रात्री तेथेच मुक्काम. २८ व्या दिवशी सकाळी अखेत-खुफूहून नाव सोडून, प्रवाहाविरुद्ध, पुन्हा दक्षिण तुऱ्याकडे.